रीलफूटचे खुंट आणि क्रॅपी

(दृश्य: पहाट, धुक्यात उभी सायप्रसची झाडं)

अमेरिकेत टेनेसी राज्याच्या वायव्य टोकाला, मिसिसिपी नदीजवळ रीलफूट तलाव आहे. १८११-१२ च्या हिवाळ्यात न्यू मॅड्रिडचे मोठे भूकंप झाले, इथली जमीन खचली आणि जंगलात पाणी भरलं. त्या जंगलाचे खुंट अजून तळाशी आहेत. काही पाण्याबाहेर दिसतात, बरेचसे वीतभर खाली दडलेले. मोटरबोटीचा पंखा इथे सहज मोडतो. कयाकला, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद, हलक्या होडीला, मात्र अर्धा फूट पाणीही पुरतं. आणि क्रॅपी हा मासा राहतो नेमका या खुंटांच्या आडोशाला.

एप्रिल महिना. पाणी १६ ते २० अंश सेल्सिअसवर आलं की क्रॅपी अंडी घालायला काठाकडे सरकतात. म्हणून आधी थर्मामीटर पाण्यात. तेरा-चौदा अंश दिसले, तर काठ सोडून जरा खोलातले खुंट धरावेत. अर्थात रीलफूटवर खोल म्हणजे तरी किती, बहुतेक तलाव पुरुषभर पाण्याचाच. तरीही लाइफ जॅकेट अंगातच हवं. एवढ्या गार पाण्यात पडलं की पहिला श्वासच अडकतो. तेव्हा सीटखालचं जॅकेट काय कामाचं?

(दृश्य: कयाकच्या कडेने धावणारी दोरी आणि दोन कप्प्या)

दिवसाचं खरं कौशल्य गळात नाही, होडी थोपवण्यात आहे. कयाक हातभर सरकली तरी आमिष खुंटापासून दूर जातं. कडेने फिरणाऱ्या या दोरीवर नांगराची कडी पुढच्या टोकाकडे किंवा मागच्या टोकाकडे नेता येते. नांगर कधीही मधोमध, बाजूला बांधू नये: वारा वाढला की दोरी ताणते, कड खाली ओढली जाते आणि कयाक उलटते. खुंटांत मुळात नांगर टाकूच नये, तो अडकतो. त्यापेक्षा बाहेर आलेल्या फांदीला चिमटा लावावा, वारा येतो त्या दिशेला कयाकचं तोंड करून. कयाक एखाद्या खुंटावर चढून बसलीच, तर अंग बाजूला झोकून ढकलू नये. आलात त्याच वाटेने, वल्ह्याने मागे यावं.

आता सामान. सात फुटांची लवचिक काठी, सहा पौंडी तंगूस, बारीक तारेचा चार नंबरचा गळ. तार बारीक असण्याला कारण आहे: लाकडात रुतला तर सावकाश ओढल्यावर गळ सरळ होऊन सुटतो, पक्कडीने पुन्हा वाकवता येतो. आमिष म्हणून जिवंत मिनो मासोळी, किंवा दोन ग्रॅमच्या आतबाहेरची जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचा, नकली आमिषाचा गळ. जिग पाण्यात आडवी लोंबली पाहिजे. प्रत्येक माशानंतर गाठ सरकते आणि जिग उभी होते. ती बोटाने जागेवर आणायची.

क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला. खालून वर येऊन ती खाते, तिच्या खाली गेलेल्या आमिषाकडे फारशी बघत नाही. पाच फूट पाणी असेल तर फ्लोटखाली (फ्लोट म्हणजे तंगुसावरचा तरंगता खुणेचा तुकडा) तीन फूट तंगूस ठेवून सुरुवात करावी, मग अर्ध्या अर्ध्या फुटाने खाली. फ्लोट बुडण्याचीच वाट पाहणारे इथे हमखास फसतात. आमिष तोंडात घेऊन मासा वर आला, की वजन उचललं जातं आणि फ्लोट नुसता आडवा पडतो. तोही घासच आहे. (शिसं तळाला टेकलं तरी फ्लोट तसाच पडतो, म्हणून खोली आधी मोजायची.)

घास लागला की हिसका नाही. या माशाच्या तोंडाचा पडदा इतका पातळ, की इंग्रजी बोलीत त्याला ‘कागदी तोंडाचा’ म्हणतात. मनगट अलगद उचला, तंगूस ताठ ठेवा, खाली जाळी धरा. काठीवरूनच मासा उचलून आत घ्याल, तर पडदा फाटून तो गेलाच.

(दृश्य: हातातले दोन मासे, जवळून)

पाठीवरच्या परामधले काटे मोजा: पाच-सहा असतील तर पांढरी क्रॅपी, सात-आठ असतील तर काळी. रंगावर जाऊ नये. विणीच्या दिवसांत पांढरीचा नरही काळवंडतो.

दोरीत ओवून पाण्यात सोडलेल्या माशांचे कासवं लचके तोडतात, शिवाय ऊन चढलं की मांस मऊ पडतं. मासे थेट बर्फात ठेवावेत, वितळलेलं पाणी काढत राहावं. दुपारी वारा उठला की उथळ पाण्यात लाटा आखूड आणि उभ्या होतात. खुंट दिसेनासे होण्याआधी काठ गाठायचा, आणि गाडीवर चढवण्यापूर्वी कयाकला चिकटलेलं पाणगवत तिथेच काढून टाकायचं, नाहीतर ते पुढच्या तलावात रुजतं.