काहिलीतले शेवटचे अंश

कोल्हापूरचं गुऱ्हाळ. काहिलीत उसाचा रस चढलाय, चुलवाणात चिपाडं धडधडतायत. 100 किलो रसात साखर आणि इतर विरघळलेले पदार्थ मिळून 20 किलोच्या आसपास, बाकी पाणी. त्यातलं साधारण 77 किलो पाणी आटवायचं आणि नेमकं तिथेच थांबायचं.

कुठे थांबायचं, ते उकळबिंदू सांगतो. साखर विरघळली की पाण्याचा बाष्पदाब उतरतो, म्हणून उकळायला जास्त तापमान लागतं. गंमत अशी, की हा चढ सुरुवातीला जाणवतच नाही. साखरेच्या शुद्ध पाकात निम्मी साखर झाली, तरी तो समुद्रसपाटीला 102 अंशांनाच उकळतो. मग मात्र पारा झपाट्यानं चढतो: 80 टक्क्यांना 112, 87 च्या आसपास 118. काकवी 105-106 ला उतरवतात, गूळ 116 ते 118 ला. त्यामुळे शेवटी जाळ कमीच हवा. पारा फार पुढे गेला, तर गूळ करपतो, रंग काळवंडतो.

तापमापी आधी उकळत्या साध्या पाण्यात तपासून घ्या. कोल्हापूर सुमारे 550 मीटर उंचीवर आहे. इथे ती 98 च्या किंचित वर दाखवायला हवी. रसात धरताना तिचं टोक काहिलीच्या तळाला टेकू देऊ नका.

आता गुळव्याचा हात पाहा. पळीभर पाक थंड पाण्यात सोडला, बोटांनी गोळी वळली, काठावर आपटली. टण्‌ वाजली! काहील उतरवा.

पण कधी कधी पारा 118 दाखवतो आणि गोळी मऊच राहते. ऊस तोडून दोन-तीन दिवस पडला, की आम्ल रसात साखरेचा एक रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन होतात. उकळबिंदू चढतो तो रेणूंच्या संख्येवर. रेणू वाढले, म्हणून पाणी अजून शिल्लक असतानाच पारा वर जातो. अशी ढेप नीट बसत नाही, पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून पाझरते.

यावर उपाय गाळपाआधीच करायचा. ऊस तोडल्यापासून 24 तासांत चरकात घाला. ताज्या रसाचा सामू (pH, म्हणजे आम्लपणा दाखवणारा आकडा; तो जितका कमी, तितका रस जास्त आम्ल) 5.2 ते 5.5 असतो; चुन्याची निवळी थोडी थोडी घालून तो 6 च्या जरा वर आणा. चुना जास्त झाला, तर हेच ग्लुकोज-फ्रुक्टोज विघटित होऊन गूळ काळा पडतो.