पाइप न कापता पाणी मोजताना

पत्रिकेत माझा विषय ‘क्लॅम्प-ऑन मीटर, म्हणजे पाइपवर बाहेरून आवळायचा मीटर, कसा निवडावा’ असा छापलाय. निवडीकडे येतोच. पण समोर सगळे पाणीपुरवठ्यातलेच बसलेत, तेव्हा आधी माझी एक तक्रार ऐकून घ्या. घरी ती कोणी ऐकत नाही.

एका नगरपालिकेचं वॉटर ऑडिट चाललं होतं. नाव विचारू नका. पंपहाउसमधून 300 मिलीमीटरची जुनी बिडाची लाइन निघते. एजन्सीची पोरं आली, पाइप पुसला, सोनोग्राफीवाले पोटावर लावतात तसली जेली सेन्सरला फासली आणि दोन सेन्सर पट्ट्यांनी आवळले. कुठे? पंपापुढच्या बेंडला अगदी चिकटून. का, तर तिथे पंखा होता! मीटरने व्यास विचारला, पोरांनी 300 टाकला. रजिस्टरात तेवढाच लिहिलेला.

आता हा मीटर काय मोजतो? फक्त वेग. त्याला आतल्या क्षेत्रफळाने गुणतो, आणि क्षेत्रफळ तुम्ही सांगाल ते. गंजाच्या गाठींनी चहूबाजूंनी 10 मिलीमीटर जागा खाल्ली, की 300 चे 280 होतात आणि क्षेत्रफळ जवळपास 13 टक्क्यांनी घटतं. पाइप कापायचा नाही, पाणी बंद करायचं नाही, हीच या मीटरची खुबी. पण बाहेरून मोजता येतं म्हणून आत काय आहे हे कोणी बघायलाच तयार नाही!

पुढे गंमत बघा. निघालेलं पाणी वजा बिलात आलेलं पाणी म्हणजे गळती, असा अहवालाचा हिशेब. निघालेलं पाणीच फुगलं, गळतीही फुगली. साहेबांनी बाजारपेठेतला रस्ता खणायला लावला. खाली मुरूम कोरडा ठणठणीत. दुकानदारांनी जे ऐकवलं ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही.

शेवटी म्हातारा वॉल्व्हमन म्हणाला, “साहेब, एवढं पाणी येत असतं तर माझी टाकी रोज पहाटे ओसंडली असती.” त्याला घेऊन वर चढलो. खाली जाणारा वॉल्व्ह बंद केला, टेपला वजन बांधून आत सोडलं आणि तासाभरात पाणी किती चढलं ते बघितलं. टाकीच्या क्षेत्रफळाने गुणलं. आकडा मीटरपेक्षा बराच कमी. नकाशा नाही, सॉफ्टवेअर नाही, एक टेप आणि एक घड्याळ. माझं म्हणणं एवढंच: टाकीशी ताळा जुळल्याशिवाय असल्या मीटरच्या आकड्यावर सही करू नका.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, भराभर सांगतो.

असले मीटर दोन तऱ्हेचे, ट्रान्झिट-टाइम आणि डॉप्लर. ट्रान्झिट-टाइम मीटरमध्ये ध्वनी एका सेन्सरकडून दुसऱ्याकडे एकदा प्रवाहाबरोबर जातो, एकदा प्रवाहाविरुद्ध, आणि वेळेतल्या फरकावरून वेग निघतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण 1,480 मीटर धावतो. 300 च्या पाइपात, समोरच्या भिंतीवर आपटून परत यायला त्याला साडेचारशे मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात. पाण्याचा वेग सेकंदाला 1 मीटर असेल तर फरक फक्त पाव मायक्रोसेकंदाचा. म्हणून आतली हवा, सुकलेली जेली, सुटलेलं अस्तर, काहीही नडतं. सेन्सर पाइपच्या कुशीला लावा. वर हवा साचते, खाली गाळ. मागे व्यासाच्या दहापट आणि पुढे पाचपट सरळ पाइप हवा. वॉल्व्ह किंवा पंप मागे असेल तर त्याहून जास्त. पाइप भरलेला हवाच. डॉप्लरवाला मीटर कणांवरून किंवा बुडबुड्यांवरून परतलेला ध्वनी ऐकतो, म्हणून तो सांडपाण्याला घ्या, फिल्टरच्या स्वच्छ पाण्याला नको. बाहेरचा घेर टेपने मोजा. जाडीमापकाने फक्त धातूची जाडी कळते, गाठींची नाही, आणि तिथे पुन्हा टाकीच लागते. खरेदीबद्दल एवढंच, की विक्रेत्याला डेमो त्याच्या टेबलावर नको, तुमच्या सगळ्यात जुन्या लाइनवर द्यायला लावा. किमतींचा तक्ता राहिला, तो चहाच्या वेळी दाखवतो.