बदकांचा चोपदार

मंडळी, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात मेम्फिस नावाचं शहर आहे आणि तिथं पीबॉडी हे जुनं, बडं हॉटेल. सकाळचे अकरा वाजत आले की त्याच्या लॉबीत लाल गालिच्याच्या दोन्ही कडांना माणसं दाटीवाटीनं उभी राहतात. पोरं पुढे फतकल मारून बसलेली. बँडची चाल वाजायला लागते, लिफ्टचं दार उघडतं आणि पाच बदकं बाहेर पडतात. एक नर, चार माद्या. मागे लाल कोटातला माणूस, हातात काठी. बदकं डुलत डुलत गालिचा पार करतात, संगमरवरी कारंज्याला लावलेल्या पायऱ्या चढतात आणि धपाधप पाण्यात. संध्याकाळी पाचला हीच मिरवणूक उलट्या दिशेनं. लिफ्टमधून थेट गच्चीवर, त्यांच्या घरी.

मी पाहायला गेलो त्या दिवशी एक बदक मध्येच थांबलं आणि मान वाकडी करून एका पोराच्या बुटाची लेस न्याहाळायला लागलं. त्या माणसानं हाकललं नाही की हुश्श केलं नाही. काठी नुसती मागे टेकवली, आणि बदकानं चाल धरली. मला पालखीतला चोपदार आठवला. त्यानं चोप उंचावला की एवढ्या दिंड्या कशा क्षणात गप्प होतात! या माणसाचा तिथला हुद्दा आहे ‘डकमास्टर’. पगारी नोकरी आहे बरं का ही.

सुरुवात मात्र चावटपणातून झाली. १९३३ सालची गोष्ट सांगतात. हॉटेलचे व्यवस्थापक फ्रँक शट आणि त्यांचे एक मित्र शेजारच्या आर्कान्सास राज्यात शिकारीला गेले होते. त्या काळी शिकारी पाळलेली जिवंत बदकं पाण्यात सोडायचे. त्यांचा आवाज ऐकून रानबदकं खाली उतरायची. आपल्याकडे फासेपारधी पिंजऱ्यातला तितर ठेवतात, तसंच. दोघं परतले ते टेनेसीची व्हिस्की जरा जास्तच झालेल्या अवस्थेत, आणि त्या तंद्रीत ही आमिषाची बदकं त्यांनी लॉबीतल्या कारंज्यात सोडून दिली. टेनेसीत तेव्हा दारूबंदी होती; ती उठली १९३९ साली. मग बाटली आली कुठून? दारूबंदी असलेल्या वर्ध्याच्या श्रोत्यांना हे मी काय समजावून सांगणार! (हशा) पुढे १९३५ मध्ये शिकारीत जिवंत आमिष वापरायला सरकारनं बंदी घातली, पण कारंज्यातली बदकं लोकांना आवडून गेली होती, ती राहिली.

आता, एवढ्यावर थांबलं असतं तर तो एक किस्सा झाला असता, आणि असले किस्से सगळ्याच जुन्या हॉटेलांकडे असतात. त्याची रीत केली ती एडवर्ड पेम्ब्रोक या माणसानं. हॉटेलात पाहुण्यांचं सामान वाहायचं हे त्याचं काम. पण त्याआधी तो सर्कशीत जनावरं शिकवायचा. १९४० मध्ये तो म्हणाला, बदकांना मी आणत जाईन. आणता आणता त्यानं त्यांना रांगेत चालायला शिकवलं आणि डकमास्टर झाला, तो थेट १९९१ पर्यंत. मध्ये काही वर्षं हॉटेलच बंद होतं, ते १९८१ ला पुन्हा उघडलं. ती वर्षं आणि सुट्ट्या वजा केल्या तरी माझ्या ढोबळ हिशोबानं वीस-पंचवीस हजार फेऱ्या होतात.

पेम्ब्रोक कृष्णवर्णीय होता. १९४० च्या मेम्फिसमध्ये अशा हॉटेलाचं दार त्याला नोकर म्हणून उघडं होतं, पाहुणा म्हणून नाही. पुढच्या काळात कृष्णवर्णीय प्रवासी उतरायचे ते मेम्फिसमधल्याच लोरेन मोटेलमध्ये. त्याच मोटेलच्या सज्जात ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली गेली. गालिच्यावरची बदकं पाहताना हे कुणी सांगत नाही, आणि सांगावं असंही त्या गर्दीत कुणाला वाटत नाही.

आणि ती चाल कुठली, माहीत आहे? अमेरिकी संगीतकार जॉन फिलिप सूझाची ‘किंग कॉटन’, १८९५ ची. ‘कापूस महाराज’ म्हणा! मेम्फिस ही कापसाचीच पेठ. १८६१ मध्ये तिकडे यादवी पेटली, तिथला कापूस अडला, तेव्हा इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांना आपलं हिंगणघाट आणि वऱ्हाड एकदम आठवलं. बदकं ज्या तालावर चालतात तो आपल्याला एवढा परका नाही.

बदकांची नेमणूक तीन महिन्यांचीच. शेतावर वाढलेली असतात, मुदत संपली की परत तिकडेच जातात आणि नवी पाच येतात. त्यांना कुणी नावं ठेवत नाही म्हणे, म्हणजे दोन्ही अर्थांनी. गच्चीवर काचेचा आणि ग्रॅनाइटचा महाल आहे त्यांना. हॉटेलात बदकाचं मांस मात्र मिळत नाही, तिथल्या फ्रेंच उपाहारगृहातसुद्धा नाही. फ्रेंच स्वयंपाक आणि बदक नाही, म्हणजे आपल्याकडे सावजी आणि तर्री नाही!

अकराचा सोहळा झाला की पाच मिनिटांत लॉबी रिकामी होते. मी कॉफी घेऊन बसून राहिलो. गालिचा गुंडाळून नेला. कारंज्यात एक बदक चोच पंखात खुपसून झोपलं होतं. पाच वाजायला सहा तास होते.