दोन बुगाटी, एक कारखाना

आधी लांबी बघा. बुगाटी रोयाल या जुन्या मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधलंच अंतर 4.3 मीटर. अलीकडची, 2024 पर्यंत बनलेली बुगाटी शिरॉन नाकापासून शेपटीपर्यंत मोजली, तर त्याहून वीतभरच जास्त भरते.

दोन्ही फ्रान्सच्या अल्सास प्रांतातल्या, मोल्सहाइमच्या. रोयाल काढली ती कंपनीचे संस्थापक एतोरे बुगाटी यांनी, राजेरजवाड्यांसाठी. 12.7 लिटरचं इंजिन, एका रांगेत आठ सिलिंडर, ताकद सुमारे 300 अश्वशक्ती. रेडिएटरच्या टोपणावर मागच्या पायांवर उभा राहिलेला चांदीचा हत्ती. तो घडवला होता एतोरेंचा दिवंगत भाऊ, शिल्पकार रेम्ब्रांट याने.

'कूपे नापोलिओं' या रोयालमध्ये मालक मागे बंद कक्षात बसे आणि ड्रायव्हर पुढे, उघड्यावर. ऐट म्हणजे काय, तर स्टिअरिंगला हात न लावणं! शिरॉनमध्ये सीटच दोन. दीड हजार अश्वशक्ती, सोळा सिलिंडर, चार टर्बो. शून्यावरून शंभरला अडीच सेकंदांच्या आत. एवढे पैसे मोजून मालक आता स्वतःच ड्रायव्हर होतो. ही बढती की बदली, तुम्हीच ठरवा.

शिरॉनचा वेग मुद्दाम ताशी 420 किलोमीटरवर रोखलेला आहे. फ्रान्सच्या महामार्गावर मुभा 130 ची. तरीही ठरवलेल्या पाचशेच्या पाचशे गाड्या खपल्या.

रोयाल मात्र पडली. बेत पंचवीसचा होता, पण 1929 ची मंदी आली आणि आज जगात सहाच आहेत. त्या काळात गिऱ्हाइकं मिळाली तीन, आणि त्यांत राजा एकही नाही. पहिले गिऱ्हाईक कापडाच्या धंद्यातले आर्मां एस्देर. रात्री गाडी चालवत नाही म्हणून त्यांनी हेडलाइटच लावू दिले नाहीत.

आता उरलेल्या एवढ्या इंजिनांचं करायचं काय? बुगाटींनी ती रुळांवर चढवली. एका रेल्वे डब्यात रोयालची चार-चार इंजिनं! 1933 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष आल्बेर लब्रँ अशाच डब्यातून शेरबुर्गला गेले. मग साधे प्रवासी तिकीट काढून बसू लागले आणि हे डबे पन्नाशीच्या दशकापर्यंत धावले. त्यातला एक म्युलूझच्या रेल्वे संग्रहालयात आहे. त्याच शहरातल्या मोटार संग्रहालयात 'कूपे नापोलिओं'ही बघायला मिळते.