रीडमधली मींड

मंडळी, समोर पेटीवाले बरेच दिसतायत, तेव्हा भांडणापासूनच सुरुवात करू. रीडच्या, म्हणजे हवेनं थरथरणाऱ्या धातूच्या पट्टीच्या वाद्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, श्रुती (दोन सुरांमधल्या बारीक जागा) नाही, हे आपण किती वर्षं ऐकत आलोय! 1940 ते 1971 पेटीला आकाशवाणीवर बंदी होती, तीही याच वादातून. माझं म्हणणं असं की दोष रीडचा नाहीच. शिकागोच्या ब्लूजवाल्यांनी, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं ब्लूज संगीत वाजवणाऱ्यांनी, दहा छिद्रांच्या माउथऑर्गनमधून, पितळी रीडमधूनच, मींड काढली. ती जुन्या वादकांकडून आणि लहान क्लबातच का ऐकावी, हे आज मला सांगायचंय.

पण आधी शिकागोचा माउथऑर्गनवाला ज्युनियर वेल्स, त्याची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही. पोरगा शाळा बुडवून सोड्याच्या गाडीवर राबला. आठवडाभर. शनिवारी हातात पडला दीड डॉलर. गहाणवटीच्या दुकानात माउथऑर्गन होता, किंमत दोन डॉलर. दुकानदार एक पैसा सोडेना. तो जरा बाजूला गेला तसा यानं दीड डॉलर गल्ल्यावर ठेवला, बाजा उचलला आणि निघाला. प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीशांनी विचारलं, का घेतलास? हा म्हणाला, मला तो हवाच होता. मग वाजवून दाखव, म्हणाले. यानं वाजवला. न्यायाधीशांनी उरलेले पन्नास सेंट स्वतःच्या खिशातून दुकानदाराला दिले आणि खटला काढून टाकला! ही हकिगत वेल्स स्वतः सांगायचा. आपल्याकडे असा न्यायाधीश भेटला तर मला जरूर कळवा.

हाच वेल्स पुढे शिकागोच्या दक्षिण भागात, साउथ साइडला, इंडियाना अव्हेन्यूवरच्या थेरेसाज लाउंजमध्ये वर्षानुवर्षं वाजवत राहिला. 1949 साली थेरेसा नीडम या बाईंनी तळघरात काढलेली जागा. वादक आणि श्रोता यांच्यात अंतर असं नाहीच. मोठ्या मैदानावर हे वाद्य ऐकवणाऱ्यांचा मला राग येतो, तो याचसाठी. कडेच्या स्पीकरमधून सूर पोहोचतो, पण दोन्ही पंजांच्या ओंजळीत माइक आणि बाजा एकत्र धरून, ओंजळ उघडून-मिटून आवाजाला जो रंग दिला जातो, तो जवळूनच कळतो. शिकागोच्याच लिटल वॉल्टर या वादकानं अशाच पकडीनं, अँप्लिफायर मुद्दाम तापवून, या वाद्याला सॅक्सोफोनचं बळ दिलं. 1952 साली त्याची गाण्याविना, नुसत्या वादनाची तबकडी कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) लोकप्रियता यादीत पहिली आली. अडतिसाव्या वर्षाच्या आत गेला बिचारा, 1968 मध्ये.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मुद्द्याचं भरभर सांगतो.

सी पट्टीचा बाजा घ्या. ब्लूजवाला त्यावर जी पट्टीत वाजवतो. दुसऱ्या छिद्रातून श्वास आत ओढला की षड्ज, तिसऱ्यातून शुद्ध गंधार, चौथ्यातून पंचम, पाचव्यातून कोमल निषाद. म्हणजे गाभ्याचे सूर श्वास घेताना! प्रत्येक छिद्रात रीड दोन, एक फुंकरीची, एक ओढीची. जीभ मागे घेऊन तोंडाची पोकळी बदलली की ओढीची रीड दबते, फुंकरीची तिला साथ देते आणि सूर खाली घसरतो. तिसऱ्या छिद्रात तो कोमल गंधार, शुद्ध रिषभ ओलांडून थेट कोमल रिषभापर्यंत जातो. ब्लूजचा गंधार शुद्ध आणि कोमल यांच्या मधोमध कुठेतरी असतो. कुठे, ते वादकाच्या घशानं ठरवायचं. पेटीत हवेची खोली लाकडाची, बाज्यात ती माणसाच्या तोंडाची, एवढाच फरक.

सूर घशानं ठरतो, म्हणूनच वादकाचं वय महत्त्वाचं. तरुण वादक दमात भरपूर सूर कोंबतो. जेम्स कॉटनचा (1935–2017) आवाज 1990 च्या दशकात घशाच्या कॅन्सरनं गेला. गाणं संपलं, पण बाजा तो वाजवतच राहिला, आणि त्याची एकेक लांब ओढ ऐका, प्रत्येक श्रुती वेगळी मोजून घेता येते. बिली ब्रँच (जन्म 1951) 1978 पासून शाळांमध्ये मुलांना ब्लूज शिकवत आलाय. शिकागोत गेलात तर त्याला शोधा, तोही रोजाज लाउंजसारख्या छोट्या खोलीत.

पेटीवाल्यांनी वाद घालायला बाहेर यावं. बाजा खिशात आहे, तिसरं छिद्र तिथेच वाजवून दाखवतो.