मार्थेला शब्द, मरीयेला अश्रू

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांच्या घरातलं कुणी नुकतंच गेलंय, त्यांच्याशी मला आज बोलायचंय. घर फार शांत वाटतं म्हणून तुम्ही रेडिओ लावला असेल, तर तो तसाच चालू राहू द्या.

माझी आई गेली तेव्हा भेटायला येणारे म्हणायचे, 'रडू नकोस, ती प्रभूजवळ आहे.' ती प्रभूजवळ आहे यावर माझा विश्वास होता, आजही आहे. पण त्या 'रडू नकोस'नं मी आतल्या आत मिटून जायचे. रडू येतंय म्हणजे माझा विश्वासच उणा पडतोय का, असं वाटायचं.

त्या दिवसांत बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 11वा अध्याय पुन्हा वाचला. येशूचा मित्र लाजर वारलाय, त्याला कबरेत ठेवून चार दिवस झालेत. त्याची बहीण मार्था गावाबाहेर येशूला गाठते आणि म्हणते, 'प्रभू, तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता.' थोड्या वेळानं दुसरी बहीण मरीया येते, येशूच्या पायांशी कोसळते आणि तेच वाक्य बोलते. त्या चार दिवसांत दोघी बहिणी एकमेकींशी हेच बोलत बसल्या असणार. तक्रार एकच, पण उत्तरं दोन. मार्थेला शब्द मिळतात, 'पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे.' मरीयेला तो काहीच समजावत नाही. तिला रडताना पाहून व्याकूळ होतो, लाजराला कुठं ठेवलंय एवढंच विचारतो. आणि 35व्या वचनात दोनच शब्द येतात: येशू रडला.

लाजराला आपण मेलेल्यांतून उठवणार, हे त्याला ठाऊक होतं. कबर जवळच होती. तरी तो आधी रडला. मला धीर आला तो या 'आधी'मुळे. आणि 'तुम्ही उशीर केलात' असं तोंडावर म्हणणाऱ्या त्या दोघींना तो रागावला नाही, हेही मी मनाशी धरून ठेवलंय.

प्रेषित पौलानं थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं ते बरेचदा अर्धंच सांगितलं जातं. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असं तो म्हणतो. शोकच करू नका, असं नाही. रोमच्या मंडळीला तर तो स्पष्टच लिहितो, रडणाऱ्यांबरोबर रडा.

सांत्वनाला जाणाऱ्यांनी बायबलमधल्या, मुलंबाळं नि सगळंच गमावलेल्या ईयोबाचे मित्र आठवावेत. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून होते, एक शब्दही न बोलता. तोवर सगळं ठीक होतं. मग ते कारणं सांगू लागले आणि त्याच्या दुःखात भर पडली. आमच्याकडेही एक बाई यायच्या. माझा हात हातात घेऊन बसायच्या आणि उठून जायच्या. त्या काही बोलल्याचं मला आठवत नाही, पण त्यांची वाट पाहिल्याचं आठवतं.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील, तर बायबलमधलं 88वं स्तोत्र उघडा. 18च वचनं आहेत. इतर बऱ्याच विलापगीतांच्या शेवटी स्तुती येते, इथं शेवटी अंधारच आहे. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, प्रार्थना म्हणून आहे. मी ते रात्री मोठ्यानं वाचायचे. कधी शेवटपर्यंत जमायचं नाही. मग 'हे परमेश्वरा, माझ्या उद्धारक देवा' एवढी पहिलीच ओळ म्हणायचे आणि दिवा मालवायचे.