चिकटवलेली नोट

[दृश्य : संग्रहालय. काचेच्या पेटीतली नोट, अगदी जवळून]

ही नोट जरा नीट बघा. कागद जुना, हिटलरच्या काळातल्या राइशमार्कचा. आणि त्यावर डकवलाय टपालाच्या तिकिटाएवढा चिटोरा. जून १९४८ मध्ये पूर्व जर्मनीतल्या सोव्हिएत प्रशासनाने हा चिटोरा लावून जुन्या नोटेची 'नवी' नोट केली. बर्लिनकर तिला 'टापेटनमार्क' म्हणायचे. टापेटे म्हणजे घराच्या भिंतीला चिकटवतात तो नक्षीचा कागद.

शीतयुद्ध म्हटलं की आपल्याला आठवतात क्षेपणास्त्रं, चंद्राची शर्यत, बर्लिनची भिंत. भिंतीला तेव्हा अजून तेरा वर्षं अवकाश होता. इराण, ग्रीस, तुर्कस्तान ही या भांडणाची बाकीची टोकं आज बाजूला ठेवू. आपण या नोटेच्या मागे जाऊ.

[दृश्य : पॉट्सडाम, त्सेसिलिएनहोफ राजवाडा. अंगणातला लाल फुलांचा तारा]

बर्लिनजवळचं पॉट्सडाम. जुलै १९४५. अंगणातला हा लाल तारा सोव्हिएत यजमानांनी लावलेला. आत गोल टेबल, म्हणजे कुणी वरच्या जागेवर बसायला नको. ट्रुमन, चर्चिल आणि स्टालिन यांना आत यायला दरवाजेही वेगवेगळे. आपल्याकडच्या लग्नातला मानपान याच्यापुढे काहीच नाही! बैठक चालू असतानाच चर्चिल घरची निवडणूक हरले आणि त्यांच्या खुर्चीत ॲटली येऊन बसले.

जर्मनीचे ताबे चार, हे आधीच ठरलं होतं : अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, सोव्हिएत संघ. बर्लिन सोव्हिएत ताब्याच्या आत, पण त्याचेही चार तुकडे. पण या टेबलावर ठरलं की अर्थव्यवस्था एकच. चार मालक आणि संसार एक! सोव्हिएत संघाची दोन कोटींहून जास्त माणसं युद्धात गेली होती, त्याला भरपाई हवी होती. अमेरिकेला वाटत होतं, पिळलेली जर्मनी आपल्याच पैशांवर पोसावी लागेल. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं होतं.

[दृश्य : जुनी फिल्म. ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळचा काळा बाजार]

आणि हा रस्त्यावरचा संसार. या बाईच्या हातात काय आहे बघा : सिगारेट. ओढायला नाही, खर्चायला. युद्धासाठी नाझींनी वारेमाप नोटा छापल्या होत्या, त्यांना कुणी विचारत नव्हतं. लकी स्ट्राइक, कॅमल, चेस्टरफिल्ड हेच खरं चलन.

त्यात आणखी एक घोळ. ताबा घेणाऱ्या सैन्यांसाठी दोस्त राष्ट्रांनी वेगळे मार्क काढले होते. १९४४ मध्ये अमेरिकेने त्यांचे छपाईचे साचे सोव्हिएत संघालाही दिले. मग सोव्हिएत सैनिकांचे थकलेले पगार याच नोटांनी चुकते झाले. अमेरिकन शिपाई आपलं मनगटी घड्याळ त्यांना विकायचा आणि मिळालेले मार्क डॉलरमध्ये बदलून घरी पाठवायचा. बिल शेवटी वॉशिंग्टनच्या तिजोरीवर फाटलं.

म्हणून जुने मार्क बदलून नव्या नोटा काढायची वेळ आली तेव्हा अमेरिका अडून बसली : छपाई बर्लिनमध्येच, चौघांच्या देखरेखीखाली. सोव्हिएत बाजू म्हणे, आमच्यासाठी लाइपझिगलाही छापा. छापखाना कुठे, यावर महिनोन् महिने खल!

आता जे सांगतो ते या गोष्टीत सहसा मागच्या पानावर असतं. खल चालू असतानाच, १९४७ च्या शरद ऋतूत, अमेरिकेने नव्या नोटा गुपचूप आपल्या देशात छापायला घेतल्या होत्या. सुमारे २३,००० खोकी बोटीने ब्रेमरहाफेनला उतरली आणि तिथून फ्रांकफुर्टच्या जुन्या राइशबँकेच्या तळघरात गेली. मोहिमेचं नाव 'बर्ड डॉग'. २० मार्च १९४८ ला सोव्हिएत प्रमुख मार्शल सोकोलोव्स्की चौघांच्या नियंत्रण परिषदेतून उठून गेले. आडमुठेपणा त्यांचा होताच. पण खोकी तोवर तयार होती.

[दृश्य : नवा डॉइचमार्क, पुढून-मागून]

हीच ती खोक्यातली नोट. छपाई सुबक, चेहरामोहरा डॉलरच्या नात्यातला. आता सही शोधा. सापडणार नाही. बँकेचं नाव? तेही नाही. देश तर अजून जन्मालाच यायचा होता.

रविवार, २० जून १९४८. पश्चिमेच्या तीन ताब्यांत रेशनकार्डाच्या कचेऱ्यांपुढे रांगा. माणशी ४० मार्क, श्रीमंताला तेवढेच, मजुराला तेवढेच. आपल्याला २०१६ चा नोव्हेंबर आठवेल. पण इथे बँकेत ठेवलेले पैसेही सुटले नाहीत. शंभर जुन्या मार्कांचे शेवटी साडेसहा झाले. सोमवारी दुकानं अचानक भरली. इतके दिवस दडवलेला माल बाहेर आला होता.

पश्चिमेत रद्द झालेले जुने मार्क पूर्वेकडे लोटणार हे उघड होतं. सोव्हिएत प्रशासनाकडे नवी नोट हाताशी नव्हती. मग २३ जूनला निघाली ही चिकटवाचिकटवी, आणि फर्मान : सगळ्या बर्लिनमध्ये हीच नोट चालेल. पश्चिमेने आपल्या तीन भागांत डॉइचमार्क आणला, वर 'बी' असा शिक्का मारून. २४ जूनला बर्लिनकडे येणारे रेल्वे, रस्ते, कालवे बंद. सांगितलेलं कारण : 'तांत्रिक अडचण'.

[दृश्य : टेम्पलहोफ विमानतळ, संग्रहित फिल्म. विमानांचा आवाज थोडा वेळ तसाच राहू द्यावा]

रस्त्याने जायच्या हक्काचा धड करार नव्हता. तीन हवाई मार्गांचा मात्र लेखी करार होता, नोव्हेंबर १९४५ चा. मग पश्चिमेने आपल्या बर्लिनचं सगळं सामान विमानांनी न्यायला घेतलं. वीस लाखांवर माणसं त्या कागदावर जगली.

पोत्यांत बहुतेक कोळसा. बटाटे वाळवलेले, वजन वाचावं म्हणून. आणि हे हाफेल नदीवर उतरणारं ब्रिटिश सागरी विमान मीठ घेऊन आलंय. त्याचा सांगाडा समुद्रासाठीच घडवलेला, खाऱ्या मालाने गंजत नसे.

[दृश्य : रुमालाच्या छत्रीने खाली येणारं चॉकलेट, कुंपणापाशी मुलं. निवेदन नाही]

[दृश्य : टेम्पलहोफ आज. स्मारक, मग धावपट्टी]

१२ मे १९४९ ला नाकेबंदी उठली. त्याआधी महिनाभर नाटो उभी राहिली होती, त्याच वर्षी दोन जर्मनी झाल्या.

स्मारकाची ही तीन बोटं म्हणजे ते तीन हवाई मार्ग. बर्लिनकर त्याला 'भुकेचं दाताळं' म्हणतात. पायथ्याशी या हवाई मोहिमेत जीव गमावलेल्यांची नावं आहेत. विमानतळ २००८ मध्ये बंद झाला. आता धावपट्टीवर सायकली आणि पतंग.

[दृश्य : पुन्हा काचेची पेटी]

चिटोऱ्याची नोट जेमतेम महिनाभर चालली. जुलै संपता संपता पूर्वेनेही आपली नवी, छापील नोट काढली.